तीनशे खुर्च्या

१

सदा तांडेलाची बोट खांदेरीजवळच्या खडकावर फुटली, तेव्हा नवखाडी मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर बंद पडलेला नव्हता. तो चालू होता. फक्त कुणाला दार उघडत नव्हता.

ही ऑक्टोबरातल्या गुरुवारची गोष्ट. सकाळी अकरा दहाला वादळाचा इशारा आला. सोसायटीच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या नूरैनने पाच मिनिटांत 'परत फिरा' असा लाल संदेश सर्व्हरवर चढवला. गावच्या एकशे वीस बोटी चालवणारे तांडेल मोबाइलवर सोसायटीचं पान उघडतात, तिथे तो दिसायला हवा होता. पण अकरा वीसला पान उघडायचं थांबलं, ते बारा चाळीसपर्यंत. बाकीच्या बोटी कुणी त्याआधी संदेश बघून, कुणी आभाळ बघून फिरल्या. सदा पानाची वाट बघत राहिला. त्याचे दोन्ही खलाशी पोहून वाचले. सदाचा पाय मांडीत मोडला आणि बोट गेली.

शुक्रवारी गावात एकच बोलणं होतं. मशीन कुणीतरी मुद्दाम अडवलं. आणि मशीनची किल्ली नूरैनकडे.

शुक्रवारीच दुपारी सोसायटीच्या अध्यक्ष तुळसाबाई सिराजुद्दीनच्या घरी आल्या. सिराजुद्दीन एकतीस वर्षं कुवेतमध्ये कंपनीच्या मेसचा सुपरवायझर होता. अकराशे माणसं, तीन पंगती. परत येऊन सहा वर्षं झाली होती. रमजानमध्ये बायको गेली, झुबेदा. तेव्हापासून तो नमाजाला आणि बाजाराला सोडून फारसा बाहेर पडत नसे.

"सिराजभाय, रविवारी सभा हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "पोरीला काढून टाकायचं आनि पोलिसात द्यायचं, असं चाललंय लोकांचं."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माजं मन न्हाय घेत. पन मन न्हाय घेत म्हनून सभेत सांगू काय? तुमी शोधा."

"मला मशीनमधलं काय कळतं, बाई? मी डाळभात वाढला जन्मभर."

"मानसं कळतात ना? मग झालं."

फळीवर झुबेदाचा फोन चार्जरला लावलेला होता. सात महिने तो तसाच होता. काचेवर एक हिरवा ठिपका सावकाश सरकत होता. तुळसाबाईंनी तिकडे बघितलं, चहा संपवला आणि त्या उठल्या.

"रविवारी दहाला," त्या दारातून म्हणाल्या. "पोरीचं लगीन ठरायचंय, सिराजभाय. एकदा नाव पोलिसात गेलं की ते कुनी पुसत न्हाय."

२

नूरैन कार्यालयात एकटीच होती. डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता.

"चाचा, सर्व्हरला कुणी हात लावलेला नाही. बंद केला असता तर नोंद झाली असती. नोंद नाही."

"मग काम फार झालं असेल. थकला असेल."

"तेच तर कोडं आहे. बघा." तिने एक आलेख दाखवला. "त्या एक तास वीस मिनिटांत त्याच्यावर शंभरात चार एवढाच ताण होता. झोपल्यासारखा."

"हे बघ बेटा, मला मेसच्या भाषेत सांग. नाहीतर मी उगाच मान हलवत बसेन."

नूरैन पहिल्यांदा हसली. तिने वही ओढली. त्या वहीत तिने सर्व्हरची प्रत्येक सेटिंग मराठीत लिहून ठेवली होती, आपण रजेवर असलो तर कुणालाही काम करता यावं म्हणून.

"समजा सर्व्हर म्हणजे तुमची मेस. थ्रेड म्हणजे वाढपी. कुणी काही मागितलं की एक वाढपी जाऊन वाढतो आणि मोकळा होतो. जोडणी म्हणजे खुर्ची. फोन सर्व्हरशी जोडला की तो एका खुर्चीवर बसला. खुर्च्या भरल्या की बाहेर बाक आहे, शंभर जणांचा. बाक भरला की दार बंद."

"आणि जेवण झाल्यावर उठवायचं कुणी?"

"त्याचीही सेटिंग आहे. जेवून झालं, पुढचं काही मागितलं नाही, तर किती वेळ बसू द्यायचं. आपल्याकडे वीस सेकंद."

"गुरुवारी वाढपी किती कामात होते?"

"तीन."

"आहेत किती?"

तिने सेटिंगची फाइल उघडली. "चारशे. आणि खुर्च्या तीनशे."

सिराजुद्दीन मोठ्याने हसला. सात महिन्यांत पहिल्यांदाच असावं. "चारशे वाढपी आणि तीनशे खुर्च्या? कुठल्या शहाण्याची मेस आहे ही?"

"हितेशची. अलिबागचा, ज्याने मशीन बसवलं. ऑगस्टमध्ये त्याने वाढपी दुप्पट केले आणि खुर्च्या तीनशेवर बांधून टाकल्या. म्हणाला, गर्दी झाली तर छोटं मशीन कोलमडेल."

"म्हणजे गुरुवारी वाढपी हात बांधून उभे, आणि बाहेर सदासारखी माणसं उपाशी. मग खुर्च्यांवर बसलं कोण होतं, जे काही मागतही नव्हतं आणि उठतही नव्हतं?"

नूरैन उत्तर देणार होती. तिची नजर फाइलच्या पुढच्या ओळीवर गेली आणि तिने तिथे बोट टेकवलं.

"काय झालं?"

"चाचा, बसू द्यायची वेळ. इथे वीस सेकंद होते. आता पंधरा मिनिटं आहेत." तिने तारीख बघितली. "चार सप्टेंबर, दुपारी सव्वा एक. याच संगणकावरून बदललंय. आणि अल्लाशप्पथ, मी नाही बदललेलं."

३

शनिवारी सकाळी सिराजुद्दीन एसटीने अलिबागला गेला. हितेशचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. हितेश पोरगा गोड बोलणारा.

"या या काका! नूरैनने पाठवलं काय? तिला सांगा, घाबरू नको. मशीन लहान आहे, एवढंच. मोठं घ्या, प्रश्न मिटला."

"गुरुवारी तू सोडवलंस म्हणे. इथूनच."

"हां. बारा चाळीसला. अध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं पण मी."

"काय केलंस नेमकं?"

"ते आता टेक्निकल आहे, काका."

"चारशे वाढपी आणि तीनशे खुर्च्या ठेवल्यास, तसलं टेक्निकल?"

हितेशचा चेहरा उतरला. सिराजुद्दीन स्टुलावर बसला. मेसमध्ये तो असाच बसायचा, समोरचा बोलेपर्यंत.

"नूरैनने नोंद बघितलीय," तो म्हणाला. "गुरुवारी तुझ्याकडून कुठलीच सेटिंग बदललेली नाही. सोडवता येत होतं तर आधी अडवताही येत होतं, असं उद्या सभेत कुणी म्हणालं तर काय सांगशील?"

"काका, आईशप्पथ!" हितेश काउंटरवरून पुढे आला. "मी काहीच केलं नाही. मला कळतच नव्हतं काय चाललंय. आपोआप सुटलं. मग वाटलं, सांगून टाकावं की मी केलं. नाहीतर म्हणतील, याला पैसे कशाचे देतो आपण?"

"आपोआप," सिराजुद्दीन म्हणाला.

"एकदम नाही. बारा एकतीसला चार-पाच लोक आत घुसले. मग दहा-दहा. बारा चाळीसला सगळं मोकळं."

सिराजुद्दीन उठला. आपोआप मोकळी झालेली मेस त्याने कधी पाहिली नव्हती. माणसं उठतात तेव्हा ती कशासाठी तरी उठतात. बारा एकतीसला नवखाडीत असं काय झालं होतं?

४

परतताना तो सदाच्या घरी गेला. सदा खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. त्याची बायको भक्ती पायाशी बसली होती.

"पान उघडलं नाय म्हणजे काय झालं? नीट सांग," सिराजुद्दीनने विचारलं.

"गोल गोल फिरत व्हतं, चाचा. मंग 'जोडता येत नाय' म्हणून यायचं. परत दाबलं की परत गोल गोल."

"बाकावर बसला होतास तू," सिराजुद्दीन पुटपुटला.

"कंच्या बाकावर? मी बोटीवर व्हतो!"

भक्ती मध्येच म्हणाली, "आणि मी हितं लाल अक्षरं बघत बसले व्हते. परत फिरा, परत फिरा. ह्यांना फोन लावते तर लागत नाय. जीव नुसता तोंडाशी आला."

सिराजुद्दीन तिच्याकडे वळला. "तुला संदेश दिसला? किती वाजता?"

"आला तवाच. सव्वा अकराला."

"आणि मग पान बंद नाही पडलं तुझं?"

"नाय. सकाळी बोट सुटली तवापासून उघडंच व्हतं की."

म्हणजे सर्व्हर घरात पोचत होता आणि समुद्रात पोचत नव्हता. हे सिराजुद्दीनला विचित्र वाटलं, पण का ते लगेच कळेना.

तो तसाच सोसायटीच्या कार्यालयात गेला. मागच्या खोलीत धर्माजी बसत. ते वायरलेसवाले. पंचवीस वर्षं त्यांनी बोटींशी वायरलेसवर बोलून गाव सांभाळलं होतं. मशीन आल्यापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, जेट्टीला लागलेल्या बोटींची वेळ वहीत लिहायचं.

"चौकशी काय?" धर्माजी म्हणाले. "माझ्यावर पण संशय असंल."

"असायला हवा. मशीन बंद पडलं तर तुमचा वायरलेस परत चालू होईल."

"व्हईल ना! आनि त्यो कदी गोल गोल फिरत न्हाय." धर्माजींनी वही पुढे सरकवली. "घ्या, बघा काय बघायचं ते. माझी वही खोटं बोलत न्हाय."

सिराजुद्दीनने गुरुवारचं पान काढलं. पहिली बोट, बारा तीस. मग दोन, मग पाच, मग रांगच लागलेली.

बारा तीसच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं. पहिली बोट जेट्टीला लागली आणि एका मिनिटात सर्व्हरची पहिली खुर्ची रिकामी झाली होती.

"काय झालं?" धर्माजींनी विचारलं.

"धर्माजी, शुक्रवारी कार्यालय एक ते अडीच बंद असतं ना? जेवायला घरी कोण कोण जातं?"

"सगळी जातात."

"तुम्ही?"

धर्माजींच्या टेबलावर स्टीलचा डबा होता. त्यांनी तो उगाच थोडा बाजूला सारला. "मी डबा आनतो," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

चार सप्टेंबर हा शुक्रवार होता, आणि सेटिंग बदलली होती सव्वा एकला.

५

सिराजुद्दीनने धर्माजींना लगेच काही विचारलं नाही. हात कुणाचा हे कळलं होतं. पण का, ते कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय माणसाला सभेत उभं करू नये, असा त्याचा मेसमधला नियम होता.

तो नूरैनच्या शेजारी जाऊन बसला. "मला खुर्च्यांवर बसलेल्यांची यादी दे. गुरुवारी, अकरा वीस ते बारा तीस."

"प्रत्येकाचं नाव नोंदीत आहे. कारण उघडं पान दर मिनिटाला सर्व्हरला विचारतं, बोट कुठे आहे."

"दर मिनिटाला. आणि बसायची वेळ पंधरा मिनिटं. म्हणजे उठायची पाळीच येत नाही?"

नूरैनने कपाळावर हात मारला. "नाही! वीस सेकंद असताना पान विचारायचं, उत्तर घ्यायचं आणि उठून जायचं. मिनिटाने परत यायचं. तोवर खुर्ची दुसऱ्याला. आता मात्र एकदा बसलेला बसलेलाच. चाचा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"रडायचं नंतर. यादी काढ."

तिने यादी काढली. बरोबर तीनशे नावं निघाली. नूरैन वाचत गेली. अमिषा, मृणाल, भक्ती, परत एक अमिषा. तांडेलांची नावं जेमतेम सत्तर.

"या सगळ्या घरच्या बायका आहेत," ती म्हणाली. "पण एवढा वेळ कशाला बसल्या असतील? बघायचं आणि बंद करायचं, एवढंच तर काम."

"सगळ्यात जास्त वेळ कोण बसलंय?"

तिने यादी फिरवली. वरचं नाव बघितलं आणि हात थांबला. मग तिने पडदा हळूच त्याच्याकडे वळवला.

चार सप्टेंबरपासून ते खुर्चीवरून उठलेलं नव्हतं. एक्केचाळीस दिवस, दर मिनिटाला ते विचारत होतं, रेहानची बोट कुठे आहे.

नाव होतं, झुबेदा सिराजुद्दीन.

६

तो चालत घरी आला. फळीसमोर उभा राहिला. फोनवर हिरवा ठिपका होता, रेहानच्या बोटीचा. रेहान हा झुबेदाचा धाकटा भाऊ. त्याची बोट सुटली की ती पान उघडायची आणि तो घरी आला की बंद करायची. मधे कितीही वेळ जाऊ दे. एकदा सिराजुद्दीनने बॅटरी वाचावी म्हणून पान बंद केलं होतं, तर ती दोन दिवस धड बोलली नव्हती.

"बोट बाहेर आहे आणि तुम्ही दार लावता?" ती म्हणाली होती.

नवखाडीत पूर्वी घराच्या दाराची एक फळी उघडी ठेवत. बोट येईपर्यंत ती लावायची नाही. कोळ्यांच्या घरात तसंच, मुसलमानांच्या घरातही तसंच. मग घरांना लोखंडी ग्रिल आले, फळ्या गेल्या. आणि बायकांनी ती रीत गुपचूप फोनवर आणली होती. पान उघडं म्हणजे दार उघडं.

झुबेदा गेली त्या दिवशी रेहान समुद्रावर होता. ते पान बंद करायला घरात कुणी उरलं नाही. सिराजुद्दीनने फोन चार्जरला लावला आणि पुन्हा हात लावायचा धीर त्याला झाला नाही.

तो धर्माजींच्या घरी गेला. धर्माजी ओट्यावर जाळं शिवत बसले होते.

"बायका आल्या होत्या ना तुमच्याकडे?" सिराजुद्दीनने विचारलं. "सप्टेंबरात."

धर्माजींची सुई थांबली.

"रोज यायच्या," ते म्हणाले. "पान दर मिनिटाला गोल फिरतंय, ठिपका जातोय. ठिपका ग्येला की त्यांना वाटायचं बोट ग्येली. सदाची आई तर रडली माझ्यापुढं. मंग मी पोरीची वही उघडली. तिनं लिवलंय, सर्व्हर किती वेळ वाट बघतो. मी म्हनलं, बघू दे की जरा जास्त. बंद करून चालू कसं करायचं, त्ये पन लिवलंय." त्यांनी मान खाली घातली. "ठिपका फिरायचा थांबला. बायका पाया पडून ग्येल्या. पंचवीस वर्सांत मी एक बोट चुकू दिली न्हाय, सिराजभाय. आनि सदाचा पाय माझ्या हातनं मोडला."

"बोलला का नाहीत?"

"कुनाला सांगू? पोरीला काढतील म्हनून झोप न्हाय मला. आनि सांगावं तर तोंड उचलत न्हाय."

"उद्या उचला," सिराजुद्दीन म्हणाला. "मी शेजारी उभा राहीन. माझं पण नाव आहे यादीत. सगळ्यात वर."

७

रविवारी सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. सिराजुद्दीनने मधोमध पाच खुर्च्या मांडल्या. नूरैन, हितेश आणि धर्माजी यांना वाढपी म्हणून उभं केलं आणि पाच बायकांना बसवलं.

"आता सदा आला समजा. त्याला बसवा."

"कुठं बसवू? जागा कुठाय?" हितेश म्हणाला.

"वाढपी आहेत की मोकळे!"

"वाढपी काय मांडीवर बसवतील?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"तेच झालं गुरुवारी," सिराजुद्दीन म्हणाला. मग त्याने एकेक गोष्ट सांगितली. तीनशे खुर्च्यांची, पंधरा मिनिटांची, बारा तीसला लागलेल्या पहिल्या बोटीची. "रोज दोनशे खुर्च्या भरायच्या, म्हणून कुणाला कळलं नाही. वादळाचं ऐकून सासवा, नणंदा, लेकी, सगळ्यांनी पान उघडलं आणि तीनशे भरल्या. बोट लागली, माणूस दिसला, की त्या घरचं पान बंद झालं. तशी एकेक खुर्ची सुटली. नूरैनने काही अडवलं नाही. अडवणारे आपण सगळे. आणि सगळ्यात जास्त वेळ अडवून बसलेला मी. झुबेदाचा फोन अजून चालू आहे."

धर्माजी पुढे आले आणि त्यांनी आपलं सांगितलं. एका दमात, खाली न बघता.

पहिला बोलला सदा. त्याला खुर्चीत घालून आणला होता. "धर्माजीकाका, आजवर चार येळा वायरलेसवर तुमी मला घरी आणलंय. एक येळ चुकलं. हिशेब अजून माझ्याकडंच निघतोय."

भक्ती उठली. "पन आता आमचं पान बंद करनार काय? मी सांगून ठिवते, बोट बाहेर असली तर मी बंद करनार न्हाय."

"करू नका, वहिनी," नूरैन म्हणाली. ती तीन दिवसांत पहिल्यांदाच लोकांसमोर मान वर करून बोलत होती. "पान उघडंच राहील. ते फक्त मधल्या वेळात खुर्ची सोडेल. आणि गोल फिरायच्या ऐवजी शेवटचा ठिपका तिथेच दिसत राहील, म्हणजे जीव जाणार नाही तुमचा. खुर्च्या आपण दोन हजार करू. मशीनला जड नाही, रिकामी खुर्ची फार खात नाही. आणि बोटींसाठी सर्व्हरला वेगळं दार करू. त्याच्या खुर्च्या वेगळ्या, वाढपी वेगळे. घरचं कुणीही त्या दाराने जाणार नाही."

"मोठं मशीन नको?" तुळसाबाईंनी हितेशकडे बघून विचारलं.

हितेश कान खाजवत म्हणाला, "नको, बाई. ही सांगते ते मी फुकट करून देतो."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? फुकट," तुळसाबाई म्हणाल्या. "आनि धर्माजी, उद्यापासून प्रत्येक इशारा मशीनवर पन आनि वायरलेसवर पन. दोन्ही. सदाच्या बोटीसाठी सोसायटी काय करनार ते पुढच्या सभेत. पोरीचा विषय संपला."

८

बुधवारी चाचणी झाली. नूरैनने सगळ्या गावाला सांगितलं, अकरा वाजता घरोघरी पान उघडा, जेवढे फोन असतील तेवढे. साडेपाचशे फोन आत आले. मग तिने खाटेवरच्या सदाला बोटीच्या दाराने यायला सांगितलं.

"उघडलं!" सदा फोनवर ओरडला. "दाबायच्या आत उघडलं!"

धर्माजींनी त्यांच्या वहीत वेळ लिहून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सिराजुद्दीन निघाला तेव्हा नूरैन दारापर्यंत आली. "चाचा, चाचीचं नाव यादीत राहू दे. आता एका नावाने काही अडत नाही."

"माहीत आहे, बेटा."

संध्याकाळी रेहान घरी आला. हातात दोन पापलेटं होती. तो बहिणीच्या घरी मासे द्यायला नेहमी यायचा, ती गेल्यावरही. सिराजुद्दीनने मासे घेतले, त्याला बसायला सांगितलं आणि फळीवरचा फोन उचलला. काच गरम होती. हिरवा ठिपका जेट्टीवर उभा होता.

"रेहान आला," तो म्हणाला, आणि त्याने पान बंद केलं.

रेहानने विचारलं, "दाजी, कुणाला सांगताय?"

"बस तू. मासे मीच तळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जेट्टीवर गेला. रेहानची बोट सुटली, तेव्हा त्याने खिशातून झुबेदाचा फोन काढला आणि पान उघडलं.